पुरून ठेवलेले धन



कोणी आपल्या कामाची स्तुती केली की आपण चटकन म्हणतो, "छे, मी कुठे काय केलं!" नोकरीच्या अर्जात 'आपले गुण लिहा' असा रकाना आला की पेन अडखळते. स्वतःचे गुण स्वतः सांगणे म्हणजे गर्व, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण अंगच्या कौशल्याला नाही म्हणणे, ही खरोखरच नम्रता आहे का?

मत्तयच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. धनी आपल्या तीन चाकरांना ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे धन सोपवतो. मूळ ग्रीक भाषेत या धनाचे माप 'तालांत' असे आहे. इंग्रजीतील 'टॅलेंट' हा शब्द त्यातूनच आला. चांदीचा एक तालांत म्हणजे मजुराची सुमारे ६,००० दिवसांची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती! त्याने ती उधळली नाही, चोरलीही नाही. भीतीपोटी जमिनीत पुरली. तरीही धन्याने त्याला दोषी ठरवले.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस याच चाकराचे उदाहरण देऊन मनाच्या कोतेपणाला दोष म्हणतात. जे काम आपल्या कुवतीत आहे, त्यापासून मागे सरणे म्हणजे हा कोतेपणा. मग नम्रतेचे काय? त्यांचे उत्तर साधे आहे. आपल्या उणिवांकडे पाहून माणूस नम्र होतो आणि देवाने दिलेल्या देणगीकडे पाहून मोठे काम अंगावर घेतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, कारण दोन्ही खऱ्या आहेत.

निर्गमच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला नाव घेऊन निवडतो. सोने, चांदी, पितळ, लाकूड यांवर काम करण्याचे त्याचे कसब ही पवित्र आत्म्याची देणगी आहे, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा हिशेब चोख ठेवणे, मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणे, मागे पडलेल्या मुलाला गणित समजावणे, या देणग्याही लहान नाहीत. मात्र जे आपल्याला सहज जमते, त्याची किंमत आपल्यालाच कळत नाही. सहकारी अडचणीत असताना नेमके कशासाठी आपल्याकडे येतात, हे आठवून पाहावे.

एखाद्या नर्सला तान्ह्या बाळाची शीर पहिल्याच वेळी सापडते. पुढे पुढे करू नये म्हणून ती गप्प राहिली, तर नवख्या हातांनी बाळाला तीन वेळा सुई टोचली जाईल. तिच्या संकोचाची किंमत बाळ मोजते.

कधी कधी संकोचाआड आणखीही काही दडलेले असते. "हे मला येते" असे म्हटले की काम अंगावर पडते, वेळी-अवेळी बोलावणे येते, चुकलो तर उत्तर द्यावे लागते. ते टाळण्यासाठी आपण नम्रतेचे नाव पुढे करतो का, हे ज्याने-त्याने देवासमोर तपासावे.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपली एक तरी देणगी कागदावर लिहू या. देवाचे आभार मानू या, आणि ज्याला तिची गरज आहे त्याला सांगू या : हे मला येते, मी करतो.