वखारीच्या दारात उभे राहिलेले नेतृत्व

सीमाभाग म्हटला की आपल्यापुढे एकच इतिहास उभा राहतो: 1956 ची राज्य पुनर्रचना, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस, मोर्चे, खटले. तो इतिहास खरा आहे. त्यापायी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. पण बेळगाव-निपाणीचे सार्वजनिक जीवन तेवढ्यावर संपत नाही. याच मुलखात कष्टकरी बायकांनी आपले प्रश्न चव्हाट्यावर आणले, माणसे जोडली, मालकांशी आणि रूढीशी दोन हात केले. त्याची नोंद आपण फार हात राखून घेतली आहे.

निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. शेतातून आलेली तंबाखू वखारीत पडते. तिथे ती कुटायची, चाळायची, काडीकचरा वेगळा काढायचा, मग तिचा जर्दा होतो. हे काम बायकांचे. बंद वखारीत धूळ अशी दाटते की नाकातोंडाला पदर बांधूनही खोकला सुटत नाही. हात कितीही धुतले तरी कडवटपणा भाकरीत उतरतो. घरी विड्या वळणाऱ्या बाईची गत वेगळी, पण जाच तोच. पान भिजवा, कापा, जर्दा भरा, वळा, दोरा बांधा. आणि हजाराचा हिशेब देताना ठेकेदार काही विड्या खराब म्हणून बाजूला काढणार. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, विडीही परत नाही. 1966 साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला खरा, पण कायदा आपणहून वखारीचा उंबरा ओलांडत नाही. तो आत न्यावा लागतो.

निपाणीच्या बायकांनी तो नेला. प्रा. सुभाष जोशी यांच्या मदतीने वखारींतल्या कामगार बायका संघटित झाल्या. 1982 मध्ये युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने त्यांच्यात काही महिने राहून ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात या बायका कामाच्या तासांविषयी, मजुरीविषयी, मालकांच्या वागणुकीविषयी स्वतःच्या तोंडाने बोलतात. अजून संघटनेत न आलेल्या बायकांना कसे जोडायचे, याचा विचारही त्याच करतात. मला नेतृत्वाची खरी खूण इथे दिसते. खोकला ही आपल्या नशिबाची गोष्ट, असे मानणारी बाई ज्या दिवशी शेजारणीला विचारते की तुलाही होतो का, त्या दिवशी ती घरातले दुखणे गावाचा प्रश्न करते. पद, खुर्ची, हार हे सारे फार पुढचे. आधी हे विचारणे.

याच निपाणीत 1981 च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. 6 एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी हुतात्मे झाले. ते आंदोलन महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ठाऊक असायलाच हवे. पण ज्या तंबाखूला शेतात भाव मिळत नव्हता, तीच वखारीत निवडणाऱ्या बाईच्या हातालाही मोल नव्हते. एकाच पिकाच्या दोन टोकांना दोघे नागवले जात होते. शेतकरी संघटनेचे बायकांचे मोठे अधिवेशन चांदवडला भरले ते 1986 च्या नोव्हेंबरात. निपाणीच्या वखारीतल्या बायका त्याच्या आधीच आपल्या हक्काची भाषा बोलू लागल्या होत्या. एक लढा आपण ध्यानात ठेवला आणि दुसरा विसरलो, कारण दुसऱ्यातल्या बायका भाषणे ठोकत नव्हत्या, काम बंद ठेवत होत्या.

असेच धैर्य बेळगाव जिल्ह्यातल्या देवदासींनी दाखवले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चाल बंद करणारा कायदा कर्नाटकाने 1982 मध्ये केला. तरी जिच्या गळ्यात लहानपणीच मोती बांधले गेले, तिने उद्या कसे जगायचे, याचे उत्तर कायद्याच्या कलमात नव्हते. ते शोधायला 1997 मध्ये देवदासी बायकांनीच घटप्रभा इथे आपली संस्था उभी केली. तिची धुरा वाहणाऱ्यांत सीतव्वा जोडट्टी. बालपणीच देवीला सोडलेल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मानाचे मोल आहेच. त्याहून मोठी गोष्ट ही की जिच्याविषयी गावाने कायम कुजबुजत बोलायचे, ती आता कचेरीत बसून दुसऱ्या बाईचे म्हणणे ऐकते.

कर्नाटकाने 1983 च्या पंचायत कायद्यात बायकांना पाव हिस्सा जागा दिल्या, घटनेची 73 वी दुरुस्ती येण्याच्या कितीतरी आधी. आता तिथे निम्म्या जागा आहेत. आरक्षण हवेच. त्याशिवाय दार उघडलेच नसते. पण सदस्य बाई आणि सभेत बोलणारा तिचा नवरा, हे चित्रही सगळ्यांनी पाहिले आहे. ते बदलते ते खुर्चीवर बसण्याआधी जिला मजुरीसाठी, रेशनसाठी, बचतगटाच्या हिशेबासाठी चारचौघींत बोलायची सवय झालेली असते तिच्यामुळे. कामगार संघटना आणि बचतगट या लोकशाहीच्या खऱ्या शाळा आहेत, आणि त्या मोडू देणे म्हणजे आरक्षण पोकळ करणे.

बेळगावात राणी चन्नम्मांचा पुतळा आहे, तो असायलाच हवा. पण 1980 च्या सुमारास संपावर गेलेल्या बाईची नात आज निपाणीत शाळेत जाते, आणि तिच्या पुस्तकात आजीचा उल्लेख नाही. त्या पिढीतल्या बायका आता थकल्या आहेत. शाळांनी, वाचनालयांनी, महाविद्यालयांनी त्यांच्याकडे आजच जावे, जी मराठीत बोलेल तिचे मराठीत आणि जी कन्नडमध्ये बोलेल तिचे कन्नडमध्ये उतरवून घ्यावे. सीमाभागाच्या इतिहासात भाषेचा लढा राहील, त्याच्या शेजारी मजुरीचा आणि माणूसपणाचा हा लढाही मानाने बसला पाहिजे.