पाटल्या रुमालात कशा गेल्या

सकाळी दहाचा सुमार. आजी भाजीची पिशवी सावरत घराकडे निघालेल्या. मोटारसायकलवरून दोघं येऊन आडवे थांबतात. "आजी, पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे. एवढं सोनं अंगावर घालून कुठं निघालात? काढा, रुमालात बांधून देतो." तेवढ्यात एक पादचारी येतो. त्यालाही दरडावलं जातं, आणि तो मुकाट्यानं गळ्यातली साखळी काढून देतो. मग आजींचेही हात पाटल्यांकडे जातात. घरी येऊन पुरचुंडी सोडावी तर आत खडे. वर्तमानपत्रात ही बातमी वर्षानुवर्षं येते आहे. गावाचं नाव बदलतं, रुमाल तोच. आणि ओट्यावर निदानही तेच: "संमोहन केलं असणार. काहीतरी हुंगवलं असणार."

या निदानामागची माया मला कळते. म्हातारीला घरच्यांनी वेड्यात काढू नये म्हणून शेजारीपाजारी तिच्यावर हे पांघरूण घालतात. पण पांघरुणाखाली चोराची खरी विद्या झाकली जाते, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीतली दुसरी आजी तशीच फसते. मंत्राविरुद्ध माणूस काय करणार?

मंत्र नव्हताच. खुनाची बातमी देऊन भीती घातली. पोलिस असल्याचं भासवून दरारा आणला. तिसऱ्याकडून साखळी काढून घेतली, म्हणजे 'सगळेच ऐकतात' हे डोळ्यांना दिसलं. तो तिसरा त्यांचाच. विचार करायला उसंत दिली नाही, आणि कुणाला विचारायला सवडही नाही. गोंधळलेल्या माणसाला एक सोपी, स्पष्ट आज्ञा मिळाली की ती पाळण्यातच त्याला सुटका वाटते. 'छुपं संमोहन' नावाचं जे काही शिकवलं जातं, त्याचा बराचसा गाभा एवढाच.

ही गोष्ट जुनी आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर या डॉक्टरांच्या 'प्राणिज चुंबकत्व' नावाच्या उपचाराची चौकशी झाली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड 'भारलं' गेलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेलं. पोरगं बेशुद्ध पडलं, पण भलत्याच झाडाखाली! झाडात काही नव्हतं. सगळं पोराच्या अपेक्षेत होतं.

पुढं अमेरिकेत मिल्टन एरिक्सन या मनोविकारतज्ज्ञांनी गोंधळाचा आणि आडवळणाच्या बोलण्याचा उपयोग उपचारासाठी केला. रुग्ण आपण होऊन त्यांच्याकडे येई, बरं व्हायला. १९७५च्या सुमारास बँडलर आणि ग्राइंडर यांनी एरिक्सन यांच्या बोलण्याची वीण उलगडून पुस्तकात मांडली आणि हळूहळू तिचे वर्ग निघाले. आता तर 'समोरच्याला कळू न देता वश करा' असे व्हिडिओ पोरं मोबाइलवर पाहतात. जुन्या वशीकरणाच्या ताईतालाच इंग्रजी वेष्टन चढलं म्हणायचं.

मग शिकावं की नाही? माझ्या मते शिकावंच, पण एक कसोटी लावून. केलेली युक्ती समोरच्याला सांगून टाकली, तर ती टिकते का? डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं संमोहन करतात. सांगितल्यानं उपचार बिघडत नाही. भाजीवाली "ताई, शेवटचीच जुडी राहिली" म्हणते, तिचा डाव आपल्याला कळतो, आपण हसतो आणि जुडी घेतोही. रुमालवाल्याचा डाव मात्र उघड झाला की जागीच मरतो. जे कळू न देण्यावरच जगतं, ते माणसाशी बोलणं नव्हे, त्याच्या खिशात हात घालणं आहे. मग ते करणारा चोर असो, विमा विकणारा असो की सुनेला रडून नमवणारी सासू.

आम्हा भिंगारकरांना हे जास्त लागू आहे. आमचं भिंगार लष्करी छावणीचं गाव. वर्दीवर विश्वास ठेवायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आणि देशभर चालणारी फसवणूक नेमकी हीच: "मी फौजेत आहे, बदली झालीय, फर्निचर स्वस्तात देतो." किंवा खानावळीला फोन: "कॅम्पमधून बोलतोय, पन्नास थाळ्या लागतील, पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, टाकला की पैसे जातात, हे ठाऊक असलेला माणूसही 'जी सर' म्हणत पिन टाकतो. 'डिजिटल अटक' तरी काय वेगळी? व्हिडिओ कॉलवरचा तोतया पोलिस 'तुम्हाला अटक झाली' म्हणतो. तशी अटक कायद्यात कुठंच नाही. तरी शिकलेली माणसं तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर एकटी बसून राहतात, कारण "घरात कुणाला सांगू नका" ही पहिली आज्ञा त्यांनी पाळलेली असते.

यावरचा उपाय अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांकडून घ्यावा. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी बाबा-बुवांना नुसत्या शिव्या दिल्या नाहीत. त्यांचे चमत्कार शाळेच्या पटांगणात करून दाखवले आणि मग त्यामागची हातचलाखी सांगितली. बोलण्यातल्या चमत्कारांचेही असेच प्रयोग भिशीत, बचत गटात, देवळाच्या ओसरीवर व्हायला हवेत.

मी घरापासून सुरुवात केली. आईला सगळं आधी समजावून सांगितलं, मग दाराबाहेर जाऊन तोतया पोलिस होऊन आलो. पहिल्या खेपेला, पोटचा पोरगा समोर दिसत असूनही, तिचा हात बांगडीकडे गेला. आम्ही दोघंही हसलो, पण ती जरा घाबरलीच होती. चौथ्या खेपेला तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला की साहेब, ठाण्यातच काढते."