नाव रोगाचे की रोग्याचे?

पापणीच्या कडेला पुळी आली म्हणजे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते, ‘डोळ्याला रांजणवाडी आली.’ शेकले, चार दिवस वाट पाहिली, की ती जाते आणि तिच्याबरोबर तिचे नावही जाते. ज्याला ती आली त्याला पुढे कोणी तिच्यावरून ओळखीत नाही.

सुश्रुताने ७६ नेत्ररोग सांगितले. त्यांपैकी २१ पापणीचे. रांजणवाडीस तेथे ‘अंजननामिका’ म्हटले आहे. पाश्चात्त्य वैद्यांनी तिला जवाच्या दाण्यावरून ‘हॉर्डिओलम’ म्हटले, आणि पापणीतील न दुखणाऱ्या गाठीला गारेवरून ‘कॅलॅझिऑन’. पापणी मिटेनाशी झाली तर तो ‘लॅगॉफ्थॅल्मॉस’, म्हणजे सशाचा डोळा; ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी जुनी समजूत. नाव देणाऱ्याने डोळा पाहिला. डोळ्याच्या धन्याचे चारित्र्य तपासले नाही.

हा सशाचा डोळा ज्या व्याधींत आढळतो त्यांपैकी एक कुष्ठ. चेहऱ्याचा मज्जातंतू दुबळा झाला की पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि वेळीच उपाय न झाल्यास दृष्टीही जाते. पण येथे येताच आपली भाषा पालटते. ‘याला कुष्ठ झाले’ असे न म्हणता आपण म्हणतो, ‘हा महारोगी.’ रोग त्या माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसतो.

यावर श्रद्धाळू वाचक म्हणेल की, कुष्ठ हे पापाचे फळ, असे प्राचीन वैद्यकग्रंथांतही सांगितले आहे. ते खरे. परंतु कर्मसिद्धांत मनुष्याला स्वतःच्या आचरणाचा हिशेब घेण्यासाठी दिला आहे. शेजाऱ्यावर निकाल देण्याचा अधिकार त्याने कोणास दिलेला नाही. पूर्वजन्मीचा साक्षीदार कोणत्या न्यायासनापुढे उभा करणार? आरोपीचे म्हणणे न ऐकता दिलेला निवाडा आम्ही वकील निवाडा मानीत नाही. आणि पुराणातील सांबाची कथा काय सांगते? शापाने कुष्ठ झालेल्या त्या कृष्णपुत्राला सूर्यनारायणाने दूर लोटले नाही. त्याची उपासना स्वीकारून त्याला बरे केले.

कायद्यानेही हा दोष दीर्घकाळ बाळगला. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळले गेले. रोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ सालीच शोधला होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली पुरस्कारिलेल्या संयुक्त औषधयोजनेने हा रोग पूर्ण बरा होतो. ज्ञान पुढे गेले, शब्द मागे राहिला.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर तो पंडितांवर सोपविता आला असता. पण नावाच्या धास्तीने माणूस अंगावरचा पहिला चट्टा लपवितो. लपविण्यात वर्षे जातात. तेवढ्यात मज्जातंतू निकामी होतो आणि पापणी उघडी राहते. त्या उघड्या डोळ्याला जंतू जितका कारण, तितकेच आपले बोलणेही कारण आहे. देवळाच्या पायरीवर असा कोणी भेटला तर त्याला आईबापांनी ठेवलेल्या नावाने हाक मारावी. रोगाचे नाव वैद्याच्या वहीत पुरे.