दोन बोटांची अक्कल

श्रावस्तीच्या अंधवनात सोमा भिक्षुणी ध्यानाला बसली. मार येऊन हिणवू लागला, ऋषींना दुर्लभ ते पद दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कोठले? दोन बोटे कसली? शीत दाबून भात शिजला का, हे पाहणारी! सोमेने उलट पुसले, चित्त स्थिरावल्यावर बाईपण आडवे येते कोठे? थेरीगाथेत तिची ही वाणी आहे.

आमच्या मैत्रेयीनेही याज्ञवल्क्यांनी देऊ केलेले धन सोडून अमृतत्वच मागितले. तरी पुढे आम्ही शास्त्री मंडळींनी स्त्रियांना वेदाचे दार लावले! ते दुःख संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) अभंगांत सांगितले. स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला, त्या तरल्या. पाठशाळेत मीही तो निषेध घोकला. आता त्याची लाज वाटते. माउल्यांनो, ज्या बोटांनी शीत चाचपता, त्याच बोटांनी माळ ओढा. देव काही परका नाही.