कागद कोणी बाळगायचा?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून ट्रॅक्टर-ट्रक भरून ऊसतोडीला निघतात. माणसे, लेकरे, शेळ्या, भांडीकुंडी आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत रेशन कार्ड, आधार, पासबुक. पुढचे पाच-सहा महिने ही माणसे सांगली-कोल्हापूरच्या, सोलापूरच्या, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या फडांत असतात.

या पेटीत आणखी एक कागद आहे असे धरू. तालुक्याच्या न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश. नवऱ्याने मारहाण करायची नाही, बायकोच्या कामाच्या जागी जायचे नाही, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधायचा नाही. बाई भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला आलेली आहे. नवरा दुसऱ्या टोळीत, चार गावे पलीकडच्या फडात. एका रात्री तो तिच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, येऊन उभा राहतो. ती जवळच्या ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार विचारतो, "ऑर्डर कुठंय?" ऑर्डर वकिलाकडे आहे, किंवा गावाकडे राहिली, किंवा पेटीत भिजली. मग एनसी लिहून घेतली जाते आणि "तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा" असे सांगून तिची बोळवण होते.

ही बाई मी कल्पिलेली आहे. तिची अडचण मात्र कल्पित नाही, आणि ती कायद्याच्या उणिवेतून आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे. त्याचे कलम 27 म्हणते की या कायद्याखालचा आदेश देशभर अमलात आणता येतो. म्हणजे माजलगावच्या न्यायालयाचा आदेश अथणीतही तितकाच खरा. आदेश मोडला तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 32 प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्या रात्री लिहिलेली एनसी म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची अदखलपात्र नोंद झाली. हद्दीचे कारणही टिकणारे नाही. गुन्हा त्याच ठाण्याच्या हद्दीत घडला आहे, आणि घडला नसता तरी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कुठल्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर देण्याची सोय केलेली आहे.

त्याच कलम 32 मध्ये आणखी एक वाक्य आहे, आणि ते मला या सगळ्या कायद्यातले सर्वांत धीट वाक्य वाटते. पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा घडला असा निष्कर्ष काढू शकते. न्यायासनासमोर जिचा एकटीचा शब्द पुरू शकतो, तिच्याकडे ठाण्याच्या उंबऱ्यावर मात्र शिक्का मागितला जातो. आणि शिक्का नसेल तर ती खोटी.

चूक कोठे होते? कलम 24 प्रमाणे आदेशाची प्रत विनामूल्य द्यायची असते. ती दोन्ही पक्षकारांना मिळते, आणि ज्या ठाण्याच्या हद्दीत अर्ज केला त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही जाते. व्यवस्था नीट आहे, पण ती स्थिर घरासाठी आखलेली आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एक दार होते, एक पत्ता होता, एक ठाणे होते. बीडच्या ऊसतोड कामगाराचे घर वर्षातले पाच-सहा महिने बांबू आणि ताडपत्रीचे असते आणि ऊस संपला की दुसऱ्या फडात हलते. आदेशाची प्रत धारूरच्या ठाण्यात फायलीला लागलेली असते आणि बाई कागलच्या शिवारात मोळ्या बांधत असते.

याच्या शेजारी दुसरा एक कागद ठेवून पाहा. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. उचलीचे पुष्कळदा बाँडवर लिहून घेतात, आधारची झेरॉक्स जोडतात, अंगठे घेतात. हा कागद कुठे हरवत नाही. मुकादमाच्या खिशातून तो कारखान्याच्या गटापर्यंत जातो, आणि जोडीतली बाई नवऱ्याला सोडून निघाली तर तिच्या माहेरच्या दारातही येऊन उभा राहतो. कर्जाचा कागद जिल्हे ओलांडतो, संरक्षणाचा कागद तालुकाही ओलांडत नाही. दोन्ही कागद एकाच बाईबद्दल आहेत.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, क्रो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, या अडचणीवर एक साधा उपाय निघाला. त्याचे नाव होप कार्ड. पाकिटात मावेल एवढे कार्ड, त्यावर आदेशाचा क्रमांक, मनाई कोणावर आहे त्याचे नाव आणि वर्णन, मुदत. हे कार्ड म्हणजे आदेश नव्हे. आदेश आहे आणि तो कुठे पडताळायचा, एवढेच ते पोलिसाला सांगते. पुढे ते राज्यभर झाले आणि इतर काही राज्यांनीही उचलले. मूळ अडचण आपल्यासारखीच होती: एका न्यायव्यवस्थेतला आदेश दुसऱ्या हद्दीतल्या पोलिसाला ओळखता यावा.

असे कार्ड बीडमध्ये यावे का? यावे. पण मी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. कोपीला कडी नसते, पेटीला कुलूप असले तरी किल्ली कोणाकडे असते ते सांगायला नको. मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात. ज्या वस्तूने बाईचे रक्षण व्हायचे तीच सापडली म्हणून तिला मार बसावा, हे अशक्य नाही. आणि कार्ड निघाले की पुढचा प्रश्न ठरलेला: "कार्ड कुठंय?" पुरावा बाळगण्याचे ओझे तिच्याच डोक्यावर राहिले, फक्त आकाराने लहान झाले.

पोलिसाच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. हातातला कागद, तो कितीही सही-शिक्क्याचा असो, आजची स्थिती सांगत नाही. आदेशावर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील करता येते. परिस्थिती बदलली तर न्यायदंडाधिकारी आदेश बदलू किंवा मागे घेऊ शकतात. तेव्हा अंमलदाराने खात्री करून घ्यावी यात गैर काही नाही. गैर आहे ते खात्रीचे काम बाईवर टाकणे. कागद जुना आहे म्हणून तो बाजूला सारणे तर त्याहून गैर. कलम 25 प्रमाणे संरक्षण आदेश ती स्त्री स्वतः तो रद्द करण्यासाठी अर्ज करेपर्यंत लागू राहतो. त्याला हंगाम नसतो.

पुराव्याचे दुसरे टोकही आहे, त्याकडे वकीलसुद्धा कमी लक्ष देतात. आदेश मोडल्याची शिक्षा व्हायची तर नवऱ्याला तो माहीत होता हे दिसावे लागते. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि "बाहेरगावी" असा शेरा घेऊन परत येते. नोटीस बजावणे संरक्षण अधिकाऱ्याचे काम आहे, कायद्यात त्याला दोन दिवस दिले आहेत, न्यायालय वाजवी मुदत वाढवू शकते. पण फड कुठला, टोळी कोणाची, हे त्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? मुकादमाला सगळे माहीत असते. त्याच्याकडे विचारणा करायला कायद्याने हरकत नाही, सवय नाही एवढेच. अधिकारी पुरेसे असणे हा आणखी पुढचा प्रश्न. कायदा लागू होऊन 18 वर्षे उलटल्यावर, मे 2025 मध्ये, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले.

कागदाचा माग सरकारने स्वतः काढणे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. निदान मराठवाड्यात तरी. सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी याच जिल्ह्यांत निजामकाळातली दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले, मराठा समाजाला कुणबी दाखले देता यावेत म्हणून कुणबी नोंदी पानापानांतून शोधल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाच्या मागे सरकार स्वतः चालत गेले, कारण तशी निकड तयार झाली. मग गेल्या वर्षी आपल्याच न्यायालयाने दिलेला आदेश शोधायला बाईला का पाठवायचे?

रस्ता तयार आहे. गुन्ह्यांच्या नोंदीसाठी देशभरातली ठाणी सीसीटीएनएसच्या जाळ्याने जोडलेली आहेत. कुठल्याही नाक्यावरचा हवालदार गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव पाहतो. वन नेशन वन रेशन कार्डमुळे बीडचे धान्य परजिल्ह्यात उचलता येते. ज्या दिवशी संरक्षण आदेश निघेल त्या दिवशी त्याची नोंद अशाच जाळ्यावर चढावी. नोंद फक्त पोलीस, न्यायालय आणि संरक्षण अधिकारी यांना दिसावी, तीत बाईचा सध्याचा ठिकाणा नसावा, आणि आदेश बदलला तर नोंदही बदलावी. मग बाईने नाव सांगायचे, नवऱ्याचे नाव सांगायचे, बाकी ठाण्याने पाहायचे. बेळगावकडच्या हवालदाराला मराठी आदेश वाचता येत नसेल, तरी कन्नडमध्ये दिसणारी चार ओळींची नोंद वाचता येईल. खोट्या दाव्यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांचीही यात सोय आहे, कारण रद्द झालेला आदेश दाखवून कोणी कोणाला अडकवू शकणार नाही.

हे जाळे उद्या होणार नाही, हे मलाही कळते. तोवर एक गोष्ट बीडच्या वकिलांच्या हातात आहे. अशील ऊसतोडीला जाणारी असेल तर अर्जातच कारखान्याचे आणि तिथल्या ठाण्याचे नाव लिहा, आणि आदेशाची एक प्रत त्या ठाण्याला पाठवावी असा हुकूम मागून घ्या. कलम 19 खाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला संरक्षण द्यायला किंवा आदेशाच्या अंमलबजावणीत मदत करायला सांगण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहेच. एक प्रत माहेरच्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवर राहू द्या. त्या माणसाला त्रास दिला तर तोही कलम 18 खाली रोखता येतो, हे त्याला सांगून ठेवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. दसऱ्याला ट्रॅक्टर निघायच्या आत व्हायला हवे.