बरखास्तीकडून उपकराकडे

राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वापरायची वेळच येऊ नये, ते कागदावरच राहावं, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत व्यक्त केली होती. १९५१ मध्येच ते पंजाबात वापरलं गेलं. १९५९ मध्ये केरळातल्या नंबुद्रिपाद सरकारवर ते चाललं, तेव्हा त्या सरकारचं बहुमत शाबूत होतं. रस्त्यावर उसळलेलं आंदोलन हे कारण दिल्लीला पुरलं.

पुढे शिरस्ताच पडला. १९७७ मध्ये जनता पक्षाने काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घरी पाठवली, १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊचीच परतफेड केली. त्यात महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही गेलं.

कलाटणी मिळाली ती कर्नाटकातून. एप्रिल १९८९ मध्ये १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे पोचली. लगेच त्यातल्या सात जणांनी कळवलं, की सह्या फसवून घेतल्या. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई म्हणत होते, अधिवेशन बोलवा, सभागृहात मोजू. राज्यपालांनी ऐकलं नाही, सरकार गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९९४ मध्ये: बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहातच ठरेल. बोम्मईंना खुर्ची काही परत मिळाली नाही, पण त्यांच्यामागून आलेल्या मुख्यमंत्र्यांना कवच मिळालं. निकालाइतकंच काम आघाड्यांच्या राजकारणाने केलं. १९९९ मध्ये बिहारमधली राष्ट्रपती राजवट वाजपेयी सरकारला महिन्याभरात मागे घ्यावी लागली, कारण राज्यसभेत मतं नव्हती. (राजभवनांचे खेळ तेवढ्याने संपले असं कोणी समजू नये, नोव्हेंबर २०१९ मधला मुंबईच्या राजभवनातला तो पहाटेचा शपथविधी आठवावा.)

मग केंद्राची ताकद गेली कुठे? बरीचशी अर्थखात्यात. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. राज्यं खूश झाली. पण उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत, आणि त्यांचंच प्रमाण फुगत गेलं. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये अशी याच मार्गाने करवाढ केली. त्यातून राज्यांना वाटा नव्हता. बरखास्तीविरुद्ध कोर्टात जाता येतं, उपकराविरुद्ध जाणार कुठे?

वस्तू-सेवा कराचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेतही तेच: केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नाही म्हणालं की विषय संपला. महाराष्ट्राचं मत गोव्याएवढंच. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं खरं. पण उद्या महाराष्ट्राने खरंच वेगळा, चढा दर लावला, तर कोल्हापूरचं गिऱ्हाईक बेळगावात जाऊन फ्रीज घेईल, हे कुठल्याही अर्थमंत्र्याला समजावून सांगावं लागत नाही.