नांव गाळणाराचा अपराध

मतदारयादीसाठीं घरोघर हिंडणाऱ्या गरीब सेवकास तुरुंगाचें भय घालावें काय, असा प्रश्न पुष्कळ भल्या माणसांस पडतो. केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेलीं हीं माणसें बहुधा शाळामास्तर किंवा अंगणवाडीसेविका असतात. रोजचें काम सांभाळून अल्प मानधनावर तीं हें ओझें वाहतात. पक्षांचे केंद्रप्रतिनिधि तर निव्वळ स्वयंसेवक.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें ३२ वें कलम मात्र कठोर आहे. यादीचें कर्तव्य अंगावर असलेल्यानें वाजवी कारणावांचून तें मोडलें, तर त्यास निदान ३ महिने व फार तर २ वर्षें कैद, शिवाय दंड. उलट ३१ व्या कलमाप्रमाणें जाणूनबुजून खोटें लिहून देणारास १ वर्षापर्यंत कैद किंवा नुसता दंड. स्वयंसेवकाची खोटी प्रतिज्ञा या कलमांत येते. म्हणजे खोटें लिहिणारा दंडावर सुटूं शकतो, आणि घरोघर न फिरतां शेरे मारणारास कैद चुकत नाहीं! हा न्याय वरवर उफराटा दिसतो खरा.

पण, वाचकहो, हर्णे बंदराकडे पाहा. होड्या समुद्रावर, कोळीवाड्यांतील घरांना कड्या. तपासणारानें कोणाच्या तरी ओटीवर बसूनच ‘येथें राहत नाहीं’ असें लिहिलें, तर? कायद्याचें २० वें कलम सांगतें कीं, तात्पुरतें बाहेर गेल्यानें माणसाचा रहिवास तुटत नाहीं. आणि २२ वें सांगतें कीं, रहिवास सुटला म्हणून नांव काढण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. (मुंबईस कायमचें बिऱ्हाड केलेल्याची गोष्ट निराळी, त्याचें नांव तेथेंच असावें.) नांव गेलेल्यास जखम दिसत नाहीं. मतदानाच्या दिवशीं होडी लावून तो केंद्रावर येतो, तेव्हां ती कळते, आणि त्या दिवसाची भरपाई कशानेंही होत नाहीं. दुसऱ्याचें खोटें तपासणारास पकडतां येतें. तपासणाराच निजला तर त्यास कोण पकडणार? म्हणून त्याजवर भार अधिक.

तरी हानि मोठी म्हणून अपराधही मोठा, असें मात्र नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गेलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें होतें. तेथें लिहिणारानें सांगितलें तेंच लिहिलें. त्यास कोणत्या तोंडानें दोष द्यावा? ‘वाजवी कारणावांचून’ हे शब्द अशाच माणसासाठीं आहेत. शिवाय निवडणूक आयोगाच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या हुकुमानें फिर्याद झाल्यावांचून न्यायालय अशा खटल्यास हातच लावीत नाहीं. गांवांतील वैऱ्यास त्यामुळें सूड उगवतां येत नाहीं. पण नांव गेलेल्या कोळ्यासही थेट न्यायालयाचें दार ठोठावतां येत नाहीं, हें आम्हांस खुपतें. किमान ३ महिन्यांची अट काढून शिक्षेचें माप न्यायाधीशावर सोपवावें आणि हें दार थोडें किलकिलें करावें, असें आमचें मत आहे.